धंद्याची उमेद कुठे तयार होते?

वालचंद हिराचंदांनी जहाजांचा धंदा उभारला, विमानांचा कारखाना काढला, मोटारी बनवल्या, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांच्या पहिल्या भागीदाराचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. ते नाव लक्ष्मणराव बळवंत फाटक. हे गृहस्थ आधी रेल्वेत कारकून होते. सोलापूरच्या वालचंदांचं मन घरच्या पेढीत आणि कापसाच्या व्यवहारात रमेना, तेव्हा १९०३ साली त्यांनी या फाटकांबरोबर भागीदारी केली आणि दोघं रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले. सुरुवात झाली ती बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून. घराण्याची पत वालचंदांकडे होती. फाटकांकडे होती ती रेल्वेच्या कचेरीत काढलेली वर्षं. निविदा कशी निघते, मोजमाप कोण करतं, बिल कुठल्या टेबलावर अडतं, साहेबाला कागद कसा लिहिलेला चालतो, या गोष्टी तशा कचेरीत बसलेल्या माणसाला रोज दिसतात. बाहेरच्याला त्या कितीही पैसे मोजले तरी मिळत नाहीत.

‘मराठी माणूस आणि धंदा’ हा विषय आपल्याकडे कायम तापलेला असतो. सत्कार समारंभात पाहुणे तरुणांना सांगतात, ‘नोकऱ्या मागणारे होऊ नका, देणारे व्हा.’ घरी परतल्यावर कुणीतरी म्हणतं, ते आपल्या रक्तात नाही, ते गुजराती-मारवाड्यांनीच करावं. दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे धंद्याची इच्छा हा माणसाचा स्वभाव आहे, असला तर असतो, नाहीतर उपदेशाने जागा करायचा. गेल्या साठ-सत्तर वर्षांत अर्थशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी जे शोधून काढलं आहे, त्याच्याशी हे जुळत नाही. ही उमेद बव्हंशी कामाच्या जागी तयार होते, किंवा तिथेच मरते. म्हणून नोकरी आणि धंदा या दोन वेगळ्या जाती मानणं मला पटत नाही. पहिली दुसरीची शाळा असते, आणि काही शाळा वाईट असतात.

वाईट शाळा कशी असते ते आधी पाहू. शिकागोजवळ सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तिथे १९२४ ते १९३२ या काळात कामगारांच्या वागण्यावर बरेच प्रयोग झाले. त्यातला शेवटचा प्रयोग सगळ्यात कमी सांगितला जातो आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. टेलिफोन एक्स्चेंजच्या जोडण्या करणारे चौदा पुरुष एका वेगळ्या खोलीत बसवले आणि १९३१ च्या नोव्हेंबरपासून सहा-सात महिने एक निरीक्षक त्यांच्यातच बसून नोंदी करत राहिला. जास्त काम केलं तर जास्त पैसे, असा तिथला हिशेब होता. तरीही दिवसाला किती काम ‘रास्त’, हे त्या चौदा जणांनी आपसात ठरवून टाकलं होतं. त्याच्या पुढे जाणाऱ्याला सोबतचे दंडावर जोरात गुद्दा मारत आणि तो निमूट हात आवरता घेई. दुपारपर्यंत ठरलेलं काम झालं की पुढचा वेळ रेंगाळत काढायचा, आणि रोजची नोंद मात्र सारखी दिसेल अशी द्यायची.

त्या माणसांना काम येत नव्हतं असं नाही. त्यांना भीती होती. आज जास्त माल काढला तर उद्या साहेब दर कमी करतील, किंवा चौदाचं काम दहा जणांत भागवून चौघांना घरी पाठवतील. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवर हीच भीती मराठीत ऐकू येते: ‘तू आज शंभर काढशील, उद्यापासून सगळ्यांना शंभरचं टार्गेट.’ आपण याला पाट्या टाकणं म्हणतो आणि आळस म्हणून मोकळे होतो. हॉथॉर्नच्या खोलीत दिसलं ते वेगळं होतं. जिथे अक्कल वापरल्याचा फायदा दुसऱ्याला आणि तोटा स्वतःला होतो, तिथे माणूस अक्कल वापरायची थांबवतो, आणि ते फार शहाणपणाने करतो. पंधरा वर्षं अशी काढली की पुढे कुणी कितीही भाषणं केली तरी ‘मी काही सुरू करू शकेन’ हा विचार त्या डोक्यात येणं अवघड होतं.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलं की संस्थेत काही बिनसलं की माणसापुढे वाटा असतात: सोडून जाणं, आवाज उठवणं, किंवा निष्ठेने थांबणं. पुढच्या अभ्यासकांनी त्यात चौथी वाट जोडली: राहायचं, पण मनाने काम सोडून द्यायचं. धंदा काढणारा माणूस पहिल्या वाटेचा. पण बारकाईने पाहिलं तर बऱ्याच जणांनी आधी दुसरी वाट चोखाळलेली असते. काहीतरी सुचवलेलं असतं, कुणी ऐकलेलं नसतं, आणि मग ते सुचवलेलं स्वतःच करून बघावंसं वाटलेलं असतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट या अंगाने वाचण्यासारखी आहे. चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आल्यावर त्यांनी चित्रं सोडली आणि यंत्रांची रेखाटनं धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाकडे आले. आधी सायकली, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

एव्हरेट हेगन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६२ च्या पुस्तकात असा सिद्धांत मांडला होता की ज्या समूहाचा मान वरचे लोक काढून घेतात, त्यातून काही पिढ्यांनी उद्योजक निघतात. मान दुखावणं हे इंधन असतं खरं. पण नुसत्या दुखावण्याने कारखाना उभा राहिला असता तर आपल्याकडे प्रत्येक कचेरीच्या दारात एक कारखाना असता. बढतीत डावलले गेलेले शेकडो लोक निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीत कुढत बसतात. लक्ष्मणरावांच्या हातात यंत्राचं रेखाटन वाचायची आणि काढायची विद्या होती, बेळगावात रामूअण्णांसारखा भाऊ होता, आणि बेळगावातून हलायची पाळी आली तेव्हा जागा आणि आधार देणारे औंधचे पंतप्रतिनिधी होते. अपमानाला जायला वाट होती. या शेवटच्या गोष्टीकडे आपण फार कमी बघतो.

ही वाट किती महत्त्वाची, ते आंध्रातल्या काकिनाडा गावात दिसलं. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचं म्हणणं असं की काहीतरी चांगलं करून दाखवायची ओढ हीच आर्थिक प्रगतीच्या मुळाशी असते, आणि ती मोठ्या माणसातही वाढवता येते. ‘द अचीव्हिंग सोसायटी’ हे त्यांचं पुस्तक १९६१ चं. हे म्हणणं तपासून बघायला त्यांनी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड विंटर यांनी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या मदतीने १९६४ पासून काकिनाड्याच्या छोट्या व्यापारी-कारखानदारांसाठी दहा-बारा दिवसांचे वर्ग घेतले. शेजारच्या राजमहेंद्रीतले तसेच लोक प्रशिक्षण न देता तुलनेसाठी ठेवले.

वर्गात व्याख्यानं कमी आणि करून बघणं जास्त. एक खेळ असा: जमिनीत खुंटी, हातात कड्या, आणि किती लांबून फेकायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, नेम चुकतच नाही. काही पार भिंतीपाशी जातात, लागली तर नशीब. करून दाखवायची ओढ असलेला माणूस अशा अंतरावर थांबतो जिथून नेम साधणं अवघड असतं पण अशक्य नसतं, आणि प्रत्येक फेकीनंतर अर्धं पाऊल मागेपुढे करतो. मग चर्चा व्हायची की तुम्ही दुकानात उधारी देताना, नवा माल भरताना कुठे उभे राहता. धंदेवाला म्हणजे जुगारी, हा आपल्या मध्यमवर्गाचा जो समज आहे तो या खुंटीपाशी गळून पडतो.

पुढच्या दोन वर्षांत प्रशिक्षण घेतलेल्यांनी तुलनेतल्या लोकांपेक्षा जास्त तास काम केलं, जास्त भांडवल गुंतवलं, जास्त माणसं कामाला लावली, नवे उद्योग काढले. पण त्या निकालांत एक बारकावा आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रयोगाचं सार तिथे आहे. फरक पडला तो मुख्यतः अशांच्यात, ज्यांच्या हातात स्वतःच्या धंद्याचा कारभार होता. ज्यांच्या डोक्यावर वडील, काका किंवा मालक बसलेले होते, ते त्याच वर्गातून तोच उत्साह घेऊन परतले आणि त्यांचं फारसं काही बदललं नाही. उमेद होती, अधिकार नव्हता. महाराष्ट्रातही उद्योजकता विकास केंद्रासारख्या संस्था १९८० च्या दशकापासून असे वर्ग घेत आल्या आहेत. वर्गात बसलेल्याला घरी गेल्यावर सही करायचा अधिकार आहे का, हे आपण क्वचितच विचारतो. बाईच्या नावावर कर्ज आणि निर्णय नवऱ्याचा, अशी कितीतरी प्रकरणं बचत गटांत काम करणाऱ्यांना माहीत असतात.

आता चांगली शाळा. ती बऱ्याचदा फार साधी दिसते. भोसरीतला एखादा गाळा घ्या. अर्धं वर केलेलं शटर, आत दोन लेथ, कर्जावर घेतलेलं एक व्हीएमसी मशीन, कूलंटचा आंबूस वास, कोपऱ्यात टेबलावर मायक्रोमीटर आणि मळलेलं ड्रॉइंग. इथे कामाला असलेला पोरगा सकाळी मशीनवर जॉब लावतो. दुपारी बार संपले की मालक त्यालाच व्यापाऱ्याकडे पिटाळतात, तिथे त्याला किलोचा भाव कळतो. संध्याकाळी टेम्पोबरोबर माल घेऊन तो मोठ्या कंपनीच्या गेटवर जातो. चलन दाखवतो, इन्स्पेक्शनवाल्याने दोन शतांशासाठी परत केलेले नग मोजून घेतो, आणि येताना ‘मागच्या बिलाचं काय झालं’ असं अकाउंट्सच्या खिडकीत विचारून येतो. आयटीआयमध्ये यातलं मशीन तेवढं शिकवतात. बाकीचं तो या फेऱ्यांत शिकतो. त्याच वयाचा दुसरा मुलगा मोठ्या कंपनीत त्याच्याहून चांगल्या पगारावर असतो, पण तो वर्षानुवर्षं एकाच भागाचं एकच ऑपरेशन करतो. कच्चा माल कुठून येतो आणि पैसे कसे येतात, हे त्याला कधी दिसत नाही.

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांवर झालेल्या एका अभ्यासात, २०१० साली, हेच आकड्यांनी दिसलं: छोट्या कंपन्यांत काम केलेले लोक मोठ्या कंपन्यांतल्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात स्वतःचा उद्योग काढतात, आणि तो चालवतातही बरा. डेन्मार्कच्या नोंदींवरून असंही दिसलं की ज्याचे सहकारी पूर्वी स्वतःचा धंदा करून आलेले असतात, तो स्वतःही धंद्यात उतरण्याची शक्यता वाढते. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तिथे पुढच्या पिढ्यांत मागावर काम केलेल्या माणसाने जुने चार माग घेऊन स्वतःचं बस्तान बसवणं ही गावात रोज दिसणारी गोष्ट झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रीच्या हाताखालचा पोऱ्या पुढे स्वतः मिस्त्री आणि मग मालक झाला, तो असाच. या गावांचं रक्त काही वेगळं नव्हतं. तिथे मालक होणं म्हणजे काय, हे कामगाराला हाताच्या अंतरावर दिसत होतं.

रक्ताचा प्रश्न स्वीडनमध्ये जवळजवळ सरळ तपासला गेला. धंदेवाल्या आईवडिलांची मुलं धंद्यात जाण्याची शक्यता इतरांहून साधारण ६० टक्क्यांनी जास्त असते. हे जन्मजात की संगतीचं? संशोधकांनी दत्तक गेलेल्या मुलांच्या नोंदी काढल्या, कारण त्यांना जन्म देणारे आणि वाढवणारे आईवडील वेगळे होते. २०१५ मध्ये छापलेला निष्कर्ष असा की वाढवणाऱ्यांचा वाटा जन्म देणाऱ्यांच्या दुप्पट होता. घरात जेवताना काय बोललं जातं, त्यावर हे बरंच ठरतं.

आपल्या घरात जेवताना काय बोललं जातं, हेही मग पाहायला हवं. मुलीसाठी स्थळ बघताना पहिला प्रश्न ‘पर्मनंट आहे का?’ असा असतो. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, अशी म्हण आपण पाठ केली, पण लग्नाच्या बाजारात तिचा क्रम उलटा झाला आहे. घरच्यांना मी यात भित्रे ठरवत नाही, कारण त्यांचा हिशेब बरोबर असतो. पगारदाराला तीन पगाराच्या पावत्यांवर घरकर्ज मिळतं. धंदेवाल्याला दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत दाखवण्यासारखं उत्पन्न असतंच किती? आजारपणात कंपनीचा विमा असतो, गाळ्याला नसतो. मानसशास्त्रज्ञ इसेक आयझेन यांनी १९९१ मध्ये मांडलेली चौकट आज या विषयावर सगळीकडे वापरली जाते. माणसाचा इरादा तीन गोष्टींनी बनतो: ती गोष्ट मला आवडते का, माझ्या जवळच्यांना ती पटते का, आणि मला ती जमेल असं मला वाटतं का. आपली भाषणं फक्त पहिलीवर चालतात.

खाली आधार दिला तर काय होतं, ते फ्रान्सने दाखवलं. नोकरी गेलेल्या माणसाने धंदा काढला आणि तो बुडाला, तरी त्याचा बेकारी भत्ता वाया जाणार नाही, अशी तरतूद तिथे २००२ मध्ये झाली. त्यानंतर नव्या उद्योगांची नोंदणी साधारण २५ टक्क्यांनी वाढली, आणि हे नवे उद्योग आधीच्यांपेक्षा कच्चे निघाले नाहीत. ब्रिटनमध्ये ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं की वारसा किंवा भेट म्हणून थोडी रक्कम हाती आलेला माणूस स्वतःचा धंदा करण्याची शक्यता वाढते. या दोन्हींत माणसाचा स्वभाव बदलला नव्हता. पडलो तर किती लागेल, तेवढं बदललं होतं.

आणि स्वतःचा धंदा म्हणजे नेहमी उमेदच, असंही नाही. २०२३-२४ च्या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात भारतातले ५८.४ टक्के कामकरी स्वयंरोजगारात मोडतात. त्यांत स्वतःच्या रानात राबणारे शेतकरी आहेत, घरच्या दुकानात बिनपगारी बसणाऱ्या बायका आहेत, हातगाडीवाले आहेत. दुसऱ्याला पगार देणारे त्यांत फार थोडे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या अनेकांनी पुढे गिरणगावात भाजीची नाहीतर वडापावची गाडी लावली. त्यांना कुणी उद्योजक म्हणून गौरवलं नाही, आणि ते रास्तच होतं, कारण त्यांना हवी होती ती त्यांची गिरणी. जगभरचे अभ्यासक गरजेपोटी केलेला धंदा आणि संधी दिसली म्हणून केलेला धंदा यांची वेगळी मोजदाद करतात. आपणही करायला हवी, नाहीतर बेकारीच्या आकड्यालाच आपण उद्यमशीलता म्हणू.

संधी दिसून निघणारा माणूस बहुतेकदा तरुण नसतो, हेही सांगायला हवं. अमेरिकेत सगळ्यात वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सरासरी वय सुरुवातीच्या वेळी ४५ होतं, आणि त्याच क्षेत्रात आधी नोकरी केलेल्यांना यश जास्त मिळालं. नोकरी चालू ठेवून बाजूला धंदा सुरू करणारे आणि तो जमल्यावरच राजीनामा देणारे यांचे उद्योग, एकदम उडी घेणाऱ्यांच्या तुलनेत, बुडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी होतं. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू करणारे सात जण पटनी कंप्युटर्समध्ये एकत्र काम केलेले होते. चाळिशीतल्या, पीएफ साठलेल्या, आपल्या खात्यातली खाचखळग्यांसकट सगळी माहिती असलेल्या माणसाला आपण ‘आता काय वय आहे का?’ म्हणतो, आणि बाविशीच्या पोराला धंद्यात ढकलतो.

डेन्मार्कच्या उलट दिसणारी एक गोष्ट हार्वर्डच्या व्यवसाय शाळेत लर्नर आणि मल्मेंडियर या संशोधकांनी टिपली. वर्गांच्या तुकड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पाडलेल्या असत. ज्या तुकडीत आधी धंदा केलेले विद्यार्थी जास्त, त्या तुकडीतून पुढे उद्योग कमी निघाले, पण कमी झाले ते बुडणारे उद्योग. अनुभवी सोबती कच्च्या कल्पनांना वेळीच थांबवत होते. भोसरीच्या गाळ्यातल्या पोरालाही मालकाकडे बघून हेच कळत असतं, फक्त तिथे चांगल्या कल्पनाही त्याच वेळी मरतात, कारण त्याला जे दिसतं ते म्हणजे मोठ्या कंपनीने तीन-तीन महिने अडकवलेली बिलं आणि सात तारखेचा पगार करायला मालकाने इकडून तिकडून उचललेले पैसे. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं केलं पाहिजे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज दिलं पाहिजे, असं २००६ चा कायदा सांगतो. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून आयकरात वजा मिळत नाही. तरीही गाळेवाला तक्रार करायला कचरतो, कारण अर्जावर ज्या कंपनीचं नाव घालायचं, पुढच्या महिन्याचं काम त्याच कंपनीकडून यायचं असतं. हाताखालची पोरं रोज हे बघतात, आणि स्वतःचा गाळा घ्यायचा की कुठल्या तरी मोठ्या गेटवर अर्ज टाकायचा, हे त्यावरूनच ठरवतात.